ब्रेमेनचा लाकडी हत्ती पुण्याला न्यायचाय, ट्रॅकेबलची रीत काय असते?

सायली_स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

इथे जिओकॅशिंग करणारे दोन-चार जण तरी असतील, म्हणून विचारते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी जंगलात, पुलाखाली, झाडाच्या ढोलीत डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं. बाकीचे फोन घेऊन शोधत जातात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथे परत ठेवतात. मी आणि माझी लेक मागच्या हिवाळ्यापासून हे करतोय.

परवा शोनबुखच्या जंगलात आम्हाला एक मोठा डबा मिळाला. लष्करात गोळ्या ठेवायच्या लोखंडी पेट्या असतात ना, तसला. आत नेहमीचा खेळण्यांचा पसारा, आणि त्यात एक लाकडी हत्ती. अंगठ्याएवढा, एक कान टवका उडालेला, गळ्यात साखळी आणि साखळीला ट्रॅव्हल बगचा धातूचा बिल्ला, म्हणजे हा ट्रॅकेबल: डब्यातून डब्यात फिरवायची वस्तू, बिल्ल्यावरच्या क्रमांकाने वेबसाइटवर तिचा प्रवास नोंदवतात. सोबत लॅमिनेट केलेली चिठ्ठी, लहान मुलाच्या अक्षरात. लिहिलंय की हा हत्ती ब्रेमेनचा, त्याला खरे हत्ती राहतात त्या भारतात जायचंय, आणि मग परत घरी यायचंय.

आता आम्ही गणपतीला पुण्याला जातोय! लेकीने तिथेच उडी मारली, मीही हत्ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. पण घरी आल्यावर प्रश्न पडायला लागले. हत्तीच्या बदल्यात डब्यात काही ठेवायला हवं होतं का? आम्ही काही ठेवलेलं नाही. जायला अजून बराच अवकाश आहे, तोवर तो आमच्याकडे राहिला तर चालेल का? वेबसाइटवर अजून तो दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर दिसतोय, ते कसं? पुण्यात एखाद्या डब्यात ठेवून यावा की परत आणावा? घरच्या गणपतीसमोर त्याचा फोटो काढून टाकला तर काही हरकत? आणि शेवटचं, जरा नाजूक: हत्तीचा फोटो पाहून कोथरूडला माझ्या भाच्याने आधीच "तो मला हवा" म्हणून हट्ट धरलाय. वहिनी म्हणते, देऊन टाक, एवढंसं तर आहे.

चिठ्ठीतलं अक्षर पाहिल्यापासून मला हे नीट करायचंय. जाणकारांनी सांगा.

---

पक्या_बंगळूर

बदल्यात काही ठेवायचं नसतं, निश्चिंत राहा. डब्यातली खेळणी, नाणी, स्टिकर घेतलेत तर तोलामोलाचं काहीतरी ठेवायचं, हा संकेत आहे. ट्रॅकेबल त्यात धरत नाहीत, कारण तो कुणी कुणाला दिलेलाच नसतो, त्याचा मालक वेगळा असतो. काही डब्यांवर "एक ट्रॅकेबल ठेवाल तरच एक उचला" असं लिहिलेलं दिसेल. अशी सक्ती डब्याचा मालक करू शकत नाही. उचलायचा आणि पुढे न्यायचा.

मुदत साधारण दोन आठवडे धरतात. त्याहून जास्त लागणार असेल तर मालकाला कळवायचं. बाकीचं चितारआळी ताई सांगतील, त्यांचा स्वतःचा एक फिरतोय.

---

चितारआळी

सायली, आधी तातडीचं. वेबसाइटवर हत्ती अजून 'ग्रॅब' करू नकोस, म्हणजे आपल्या नावावर घेऊ नकोस. आधीच्या माणसाच्या नावावर दिसतोय याचा अर्थ त्याने हत्ती डब्यात ठेवला, पण ठेवल्याची नोंद करायची राहिली. लोक रविवारी डबे शोधतात आणि नोंदी सवडीने करतात, कुणी सुट्टीवर असेल तर आणखी उशीर. तू मधेच ओढून घेतलास तर त्याला 'या डब्यात ठेवला' असं लिहिता येत नाही आणि हत्तीच्या नकाशातून शोनबुखचा टप्पाच गळून पडतो. त्याला दोन ओळींचा निरोप टाक, की हत्ती अमुक डब्यात मिळाला, तुमची नोंद झाली की मी माझ्या नावावर घेते. आठवडाभरात काहीच हललं नाही तर मग घे, आणि कुठल्या डब्यातून घेतलास ते नोंदीत स्पष्ट लिही.

आता बाकीचं. मी हे मालकाच्या बाजूने लिहितेय, कारण ती बाजू उचलणाऱ्याला दिसत नाही.

माझं माहेर सावंतवाडीचं. इथे न्यूर्नबर्गला आल्यावर मी चितारआळीतला एक लाकडी भोवरा ट्रॅव्हल बगच्या बिल्ल्याला जोडून सोडला. बोटाच्या दोन पेरांएवढा, पिवळ्या-लाल-हिरव्या लाखेचे पट्टे असलेला. त्याच्या दांडीला बारीक भोक पाडून घेतलं होतं, म्हणजे साखळी काढली की फिरवता येईल. चिठ्ठीवर लिहिलं: जिथे न्याल तिथे एकदा फिरवा आणि कशावर फिरवलात ते कळवा. लोकांनी काय काय कळवलं! चर्चच्या दगडी पायरीवर, कारच्या बॉनेटवर, टिरोलमधल्या गोठलेल्या तळ्यावर. डेन्मार्कच्या एका आजोबांनी लांबलचक लिहिलं होतं, त्यांच्या लहानपणी तिकडे असेच लाकडी भोवरे असायचे आणि त्यांना दोरी गुंडाळण्याऐवजी चाबकाच्या वादीने हाणत फिरवायचे. अशी प्रत्येक नोंद मेलने माझ्याकडे येते. ऑफिसात बसलेली असताना तो मेल आला की मी हातातलं काम बाजूला ठेवून आधी तो वाचते.

मग एकाने भोवरा उचलला. 'घेतला' अशी नोंद केली आणि पुढे काहीच नाही. मी विचारलं, उत्तर नाही. काही महिन्यांनी परत विचारलं, तरी नाही. तो माणूस खेळ सोडून गेला नव्हता बरं का, त्याच्या नव्या डब्यांच्या नोंदी मला दिसत होत्या. हरवला असता तर हरवला म्हणाला असता तरी मला पुरलं असतं. डबे पाण्यात वाहून जातात, कुत्री पळवतात, खेळ माहीत नसलेलं कुणीतरी कचरा समजून टाकून देतं, हे सगळं धरूनच आम्ही वस्तू सोडतो. दुखलं ते गप्प बसण्याने. शेवटी मी पानावर 'गहाळ' अशी खूण केली. बिल्ले जोडीने येतात, एक वस्तूला लावायचा आणि दुसरा आपल्याजवळ ठेवायचा. तो दुसरा मी नव्या भोवऱ्याला लावला आणि त्याच पानावर पुन्हा सुरुवात केली. जुना कधी कुणाला सापडला तर तोही त्याच क्रमांकाने नोंदवता येईल, हा त्यातला फायदा.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आजच लिही. ब्रेमेनच्या मालकाला वेबसाइटवरूनच निरोप जातो. "तुमचा हत्ती मला मिळाला, आम्ही गणपतीत पुण्याला जातोय, तोवर माझ्याकडे ठेवू का, की तुम्हाला तो मधल्या काळात फिरलेला आवडेल?" एवढं विचार. दोन महिने ठेवलास तरी कुणी रागावणार नाही, विचारलेलं असलं म्हणजे झालं. भारतात जाणारं माणूस भेटायची वाट तो हत्ती किती दिवस पाहत असेल, कोण जाणे. त्याच्या पानावरच्या जुन्या नोंदी वाच, कळेल. अशा वेळी दोन आठवड्यांच्या संकेतासाठी तो जवळच्या डब्यात टाकून देणं म्हणजे नियम पाळला आणि हत्तीचं काम बुडवलं.

फोटोबद्दल. प्रत्येक ट्रॅकेबलला दोन क्रमांक असतात. एक टीबीने सुरू होतो, तो पानावर सगळ्यांना दिसतो, तो कुठेही लिही. दुसरा बिल्ल्यावर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा, तो फक्त वस्तू हातात घेतलेल्याला कळावा अशी योजना आहे. तोच क्रमांक टाकून नोंद होते. तो फोटोत आला की जगातला कुणीही खुर्चीत बसून 'पाहिला' म्हणून नोंदवतो. अशा क्रमांकांच्या याद्याच लोक एकमेकांना पाठवतात. एका जिओकॅशिंग कार्यक्रमानंतर माझ्या भोवऱ्याच्या पानावर तो कधी गेलाच नाही अशा गावांतल्या लोकांच्या नोंदी ओळीने आल्या होत्या, एका शब्दाच्या. त्या पुसत बसायचं काम मालकाचं. तेव्हा गणपतीसमोर फोटो जरूर काढ, फक्त बिल्ला उलटा कर किंवा हत्तीच्या पोटाखाली सरकव. उलट्या बाजूलाही क्रमांक नाही ना ते बघून घे. फोटो मात्र टाकच, मालकासाठी यात्रेचा खरा ऐवज तोच असतो.

आणि नोंद लिहिताना दोन वाक्यं लिही गं. "घेतला, धन्यवाद" वाचून कुणाचं पोट भरत नाही. कुठून कुठे नेला, वाटेत काय दिसलं, लेक काय म्हणाली. ते मूल वाचणार आहे.

'भेट दिली' हा पर्याय तुला ठाऊक असेलच. वस्तू आपल्याजवळच ठेवून एखाद्या डब्यापाशी ती नेली अशी नोंद करता येते आणि किलोमीटर मोजले जातात. तो विचार करून वापर. काही जण ते आपोआप होईल असं लावून ठेवतात, मग दिवसभरात शोधलेल्या प्रत्येक डब्याची रिकामी नोंद मालकाच्या पानावर पडते आणि त्या ढिगात खऱ्या मुक्कामाची नोंद हरवते. तुझ्या हत्तीला पुण्यात एखाद-दुसरी भेट पुरे.

ठेवून यावा की आणावा, यावर माझं ठाम मत आहे, पण पुण्यातलं कुणी बोललं तर जास्त बरं. मी एवढंच सांगेन की कुठलाही डबा निवडताना आधी त्याचं पान उघडायचं. शेवटचं कुणी कधी शोधला? मागच्या नोंदींत "वही भिजलेली", "झाकण तुटलं" असं आहे का? आकार काय? सूक्ष्म म्हणून लिहिलेल्या डब्यात हत्ती मावणारच नाही, आणि कोंबलास तर पुढचा माणूस झाकण अर्धवट लावून जाईल. ज्या डब्यापाशी वर्षभर कुणी फिरकत नाही तिथे वस्तू ठेवणं ही सोडवणूक नव्हे, ती कोंडणं आहे.

भाच्याचं सांगायचं राहिलं. नाही म्हण, प्रेमाने पण स्पष्ट. त्याला चिठ्ठी वाचून दाखव, हे दुसऱ्या मुलाचं आहे आणि ते वाट पाहतंय एवढं मुलांना अगदी नीट कळतं, मोठ्यांपेक्षा लवकर. आणि जाताना त्याच्यासाठी बिल्ल्यांची एक नवी जोडी घेऊन जा. त्याला त्याचं खेळणं निवडू दे, कुठे जायचं ते ठरवू दे, चिठ्ठी त्याच्या हातची असू दे. तू परत येताना ते इथे आणून एखाद्या गजबजलेल्या डब्यात सोड. मग कोथरूडला बसून तोही मेलची वाट पाहील.

---

सायली_स्टुटगार्ट

ताई, खूप खूप धन्यवाद. आधीच्या माणसाला आणि ब्रेमेनला, दोघांनाही निरोप पाठवलेत. नवीन बिल्ल्याची कल्पना लेकीला इतकी आवडली की आता तिलाही हवाय.

एक उपप्रश्न. पुण्यात माझे आईबाबा, भाचा, वहिनी सगळे हत्ती हातात घेऊन बघणारच. ज्यांना नोंद करायची असेल त्यांनी करावी का?

---

पक्या_बंगळूर

करावी की. वस्तू उचलली नाही, फक्त पाहिली, तर 'डिस्कव्हर' अशी नोंद असते. खातं फुकट उघडता येतं. प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी केली की तो प्रकार योग्यच आहे.

मुलांना सांगायला एक गोष्ट: असा एक ट्रॅकेबल मंगळावर आहे. 'पर्सिव्हिअरन्स' रोव्हरच्या 'शेरलॉक' या उपकरणाची तपासणी करायला जे नमुने लावलेत, त्यांत स्पेससूटच्या कापडाचे तुकडे आहेत, हेल्मेटच्या काचेच्या पॉलिकार्बोनेटचा तुकडा आहे, आणि त्यावर ट्रॅकेबलचा क्रमांक आहे. रोव्हर 18 फेब्रुवारी 2021 ला उतरला. त्याने पाठवलेल्या फोटोंत तो क्रमांक शोधून वाचायचा आणि 'पाहिला' म्हणून नोंदवायचा. तिथे फोटोतून नोंद करायला परवानगी आहे, कारण हातात घ्यायला कुणी जाऊच शकत नाही! आणि 2013 साली रिक मास्ट्राकिओ या अंतराळवीराने एक ट्रॅव्हल बग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेला होता.

माझं सगळ्यात आवडतं मात्र वेगळं आहे. अमेरिकेने 2 मे 2000 ला जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये या खेळातला पहिला डबा म्हणून एक बादली लपवली. त्या बादलीत बीन्सचा एक डबा होता. तो गंजका डबा नंतर सापडला आणि ट्रॅकेबल होऊन फिरतोय. लोक त्याला बघायला कार्यक्रमांना जातात.

---

सिंहगड_रस्ता

सायलीताई, मी पुण्यात बऱ्याच वर्षांपासून डबे शोधतोय, त्यामुळे इथलं स्पष्ट सांगतो: हत्ती परत घेऊन जा. इथे ठेवू नका.

कारण साधं आहे. जर्मनीत एखाद्या चांगल्या डब्याला सुट्टीच्या दिवशी माणूस येतोच. आपल्याकडे डबे कमी आणि शोधणारे त्याहून कमी. बऱ्याच डब्यांच्या वहीत तुम्हाला इथल्यापेक्षा कामानिमित्त आलेल्या परदेशी लोकांच्याच नोंदी जास्त दिसतील. ते येताना हौसेने ट्रॅकेबल आणतात, "भारतात पोचवला" म्हणून ठेवतात आणि जातात. पुढचा माणूस कधी येईल, सांगता येत नाही. त्यात आपला पाऊस. झाकणाला चांगलं रबर असेल तरी एका पावसाळ्यात आत ओल येते, वहीचा लगदा होतो, मुंग्या घर करतात. मी एका डब्यातून एक कापडी माकड काढलं होतं, हातात धरल्यावर शिवण सुटून आलं. बिल्ला तेवढा शाबूत होता. मालक नॉर्वेचा. त्याला फोटो पाठवले, त्याच्या संमतीने बिल्ला ऑफिसातल्या मित्राबरोबर ओस्लोला पाठवला, आणि त्याने त्याला नवं माकड लावलं. तुमचा हत्ती लाकडी आहे, गणपती म्हणजे पावसाचाच महिना, आणि चिठ्ठी तर म्हणतेच की परत घरी यायचंय. मग ठेवायचा कशाला?

'भेट दिली'ची नोंद करायला डबा निवडताना दोन गोष्टी बघा. गणपतीच्या दिवसांत मध्यवस्तीत डबा शोधत वाकणं, कठड्यामागे हात घालणं टाळा. फेब्रुवारी 2010 मध्ये कोरेगाव पार्कात बेकरीत बॉम्बस्फोट झाला, तो बेवारस पिशवीतला होता. हे शहर ते विसरलेलं नाही आणि विसरूही नये. गर्दीत पोलीस बंदोबस्ताला असताना कुणी खांबाखालून प्लॅस्टिकचा डबा बाहेर काढतंय हे दृश्य लोकांना घाबरवतं. टेकडीवरचा एखादा घ्या, सकाळी फिरायला येणारे असतात, कुणी विचारलं तर डबा उघडून दाखवायचा आणि खेळ समजावून सांगायचा. मी नेहमी तसंच करतो, आणि विचारणारे आजोबा दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन येतात.

गडावर जाणार असाल तर यादीत 'अर्थकॅश' किंवा व्हर्च्युअल प्रकार दिसू शकतो. अर्थकॅशची कल्पना 2004 पासूनची, 'जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका' या संस्थेची. तिथे डबा नसतोच, जागा पाहायची आणि खडकाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. त्यामुळे तिथे काही ठेवायचा प्रश्न येत नाही, भेटीची नोंद मात्र छान होते. संरक्षित स्मारकाच्या भिंतीत काहीही खुपसू नये हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक, जर्मनीहून येणाऱ्या सगळ्यांनाच सांगतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी हातातली यंत्रं, गार्मिनचं इनरीच वगैरे, डोंगरात फिरणारे तिकडे सर्रास बाळगतात. भारतात सरकारी परवान्याशिवाय ती आणायला मनाई आहे, विमानतळावर लोकांना अटक झाली आहे. घरीच ठेवून या, इथे फोन पुरतो.

तुम्ही कोथरूडला असाल तर एका रविवारी भेटू, मलाही हत्ती पाहायचाय. तुमच्या भाच्याला पहिला डबा मी दाखवतो.

---

दोडामार्गकर

खेळातलं मला काही कळत नाही, पण खऱ्या हत्तींचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमच्या तिळारी खोऱ्यात रानहत्ती आहेत. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून आले आणि येत-जात राहिले. आता तर कायमचेच झाले म्हणा. केळी, माड, सुपारी, हातातोंडाशी आलेलं भात, एका रात्रीत सगळं आडवं करतात. माझ्या काकांची बाग अशी गेली आहे. हत्तींचाही दोष नाही, त्यांच्या वाटा माणसानेच मोडल्या.

सांगायचं एवढंच की चिठ्ठीत खरे हत्ती म्हटलंय म्हणून कुणी हत्ती शोधायला रानात घुसू नका. मोबाइल घेऊन मागे लागणारे लोक आधीच डोकेदुखी झालेत. सावंतवाडीकडे येणं झालं तर तिळारी धरणाच्या बाजूने एक फोटो काढा, मागे डोंगर येतील. त्या मुलाला सांगा, या डोंगरात ते आहेत. तेवढं खरंच आहे.

---

चितारआळी

दोडामार्गकर, अगदी बरोबर. माझ्या मावशीच्या गावालाही हेच चाललंय. सायली, हे सगळं त्या मुलाला नोंदीत लिही. हत्ती कुठे राहतात, ते बागेत का येतात, लोक रात्री जागून काय करतात. कुठल्या चित्राच्या पुस्तकात त्याला हे मिळणार नाही.

---

सायली_स्टुटगार्ट

सगळ्यांना सांगायला आनंद होतोय: ब्रेमेनहून उत्तर आलं!

मुलाच्या आईने लिहिलंय. मुलगा आता माध्यमिक शाळेत गेलाय, हत्ती सोडला तेव्हा पहिलीत होता. मधल्या काळात हत्ती पोलंड, क्रोएशिया, स्पेन असा बराच हिंडला, एकदा कुणीतरी तुर्कस्तानपर्यंत नेला आणि तिथून परत पश्चिमेकडे आला. भारताच्या दिशेने नेणारं कुणी भेटलंच नाही. गणपती म्हणजे कोण ते तिने शोधून काढलं आणि मुलाला दाखवलं, तर तो म्हणाला की मग हत्ती नातेवाइकांकडेच चाललाय. आमच्याकडे हवे तितके दिवस ठेवायला त्यांची हरकत नाही, फक्त परत आणाच अशी विनंती आहे. मीही तसंच कळवलं, आणि सिंहगड_रस्ता यांनी सांगितलेलं पावसाचं कारणही लिहिलं.

आधीच्या माणसानेही माफी मागून त्याची नोंद पूर्ण केली, तो सुट्टीवर होता. शोनबुख आता नकाशात आहे, आणि त्यानंतर मी हत्ती माझ्या नावावर घेतला.

परत आल्यावर ब्रेमेनला कसा पोचवायचा हे मात्र ठरलं नाही. पोस्टाने पाठवू का?

भाच्याने स्वतःच्या बिल्ल्यासाठी किल्ल्यावरचा मातीचा मावळा निवडलाय. दिवाळीतला. तो टिकेल का हो?

---

चितारआळी

पोस्टाने पाठवता येतो, मालक हो म्हणाले तर. पण मला विचारशील तर तो डब्यांतूनच जाऊ दे. मालकाला विचार, ब्रेमेनजवळचा एखादा मोठा, चालता डबा त्यांच्या ओळखीचा असेल. उत्तरेकडे जाणारं माणूस तुला एखाद्या जिओकॅशिंग कार्यक्रमात नक्की भेटेल. तिथे टेबलावर ट्रॅकेबल मांडलेलेच असतात, हातोहात दे आणि कुणाला दिलास ते नोंदीत लिही. अशी हातोहात दिलेली वस्तू पुढच्याने वेबसाइटवर 'दुसरीकडून घेतली' म्हणून नोंदवायची असते, हे त्याला सांग, नाहीतर ती तुझ्याच नावावर राहते.

मातीचा मावळा नको. पहिल्याच डब्यात त्याचा भुगा होईल आणि पोरगं हिरमुसेल. लाकडी, धातूचं किंवा कडक रबरी काहीतरी निवडायला सांग, मुठीत मावेल असं, धार नसलेलं. खाण्याचं काही नको, सुपारी-हळकुंडही नको, वासाने जनावरं डबा उकरतात. चिठ्ठी मराठीत लिहू दे, खाली तू जर्मन आणि इंग्रजीत लिही. त्यावर ट्रॅकेबल म्हणजे काय, घेतल्यावर काय करायचं, हे एका ओळीत असू दे, कारण निम्म्या वेळा ती नवख्या माणसाच्या हातात पडते. साखळी मण्यांची येते ती सुटते, तिच्याऐवजी जाड तारेची गोल कडी घाल. आणि बिल्ल्यावरचा क्रमांक घरी एका वहीत लिहून ठेवा, दुसरा बिल्ला आजीच्या कपाटात.

---

सिंहगड_रस्ता

मावळाच हवा असेल तर तुळशीबागेत धातूचे छोटे मिळतात, मुठीत सहज मावतात. येताना मीच एक घेऊन येतो. रविवारी सकाळी सातला, टेकडीच्या पायथ्याशी. भाच्याला बूट घालून आणा, चिखल असेल.